आठवड्याआड दुकान

दूध बाजाराच्या मागच्या बोळात सात फूट बाय नऊ फुटांचं एक दुकान आहे. त्याला पाटी एकच, पण दोन तोंडांची. एका बाजूला 'नियाज कुकर-मिक्सर रिपेअरिंग', आणि उलटी केली की 'अबरार ऑनलाइन सर्व्हिस, सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील'. एक आठवडा ही बाजू, एक आठवडा ती. नवं गिऱ्हाईक हमखास गडबडतं. सोमवारी जिथे कुकर टाकला, तिथे शनिवारी बघावं तर एक माणूस कॉम्प्युटरसमोर बसून कुणाचा तरी आधार नंबर टाइप करतोय. मग शेजारचा अंडेवाला सांगतो, "कुकरवाला पुढच्या गुरुवारी. मगरिबच्या अजाननंतर या, दिवस बुडाल्यावर."

नियाज आणि अबरार सख्खे भाऊ. बाप गेला तेव्हा मागे राहिलं ते हे दुकान. थोरल्याचा हात कुकर-मिक्सरवर बसलेला, धाकट्याला कॉम्प्युटरचं वेड. अबरारने एका दुपारी दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी केली. साडेतीन फुटांत माणूस बसेल की मिक्सर, एवढी साधी अक्कल त्याला नव्हती. पण नियाजची अक्कल तरी काय थोर! त्याने हातोडा घेतला आणि अख्ख्या बोळासमोर ती भिंत फोडली, वर भावाचं नवंकोरं टेबल रस्त्यात भिरकावलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. पुढे कोर्ट.

कोर्टात चपला झिजवून झाल्यावर नियाजचे वकील योगेश निकम यांनी तोडगा काढला. तेव्हा ते तरुण होते, उत्साही होते. म्हणाले, "जागा वाटता येत नाही ना? मग वेळ वाटून घ्या. माझ्या सासऱ्यांनी लोणावळ्याला एका बंगल्यातला वर्षाचा एक आठवडा विकत घेतलाय. बंगला एक, मालक बावन्न. टाइम-शेअर म्हणतात त्याला. ज्याचा आठवडा असतो त्याला वाटतं, सगळा बंगला आपलाच." दोघा भावांची मालकी निम्मीनिम्मी, आणि दुकानात बसायचं एक आठवडा याने, एक आठवडा त्याने, असं लिहून तडजोड झाली.

कागदावर होतं 'शुक्रवार ते गुरुवार'. आता कोर्टाचा शुक्रवार शुक्रवारी सकाळी सुरू होत असेल. या दोघांचा गुरुवारी सूर्य बुडला की सुरू होतो, कारण जुम्म्याची रात्र जुम्म्याच्या आधी येते. कोर्टाने काही सांगितलं नाही, दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. पहिल्या गुरुवारी नियाजने अजानच्या आत सामान हलवलं आणि कोपऱ्यावर उभं राहून पाहिलं, तर अजान सुरू होताच समोरून अबरार किल्ली घेऊन येत होता. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं, तेही न बोलता.

बाकीचे नियम मग आपोआप बसत गेले. जाणाऱ्याने दुकान झाडून रिकामं करायचं. शटरला दोन कड्या; डावीकडे नियाजचं कुलूप, उजवीकडे अबरारचं. जाणाऱ्याने आपलं कुलूप काढायचं, पाटी फिरवायची आणि चालू लागायचं. एकोणीस वर्षांत नियाजने भावाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. गिऱ्हाइकासमोर 'तो', घरात 'दुसरा'. पण दर दुसऱ्या गुरुवारी ते नाव स्वतःच्या हाताने रस्त्याकडे फिरवून ठेवायचा, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे.

गिऱ्हाइकं मात्र नियम पाळत नाहीत. बाया अबरारच्या आठवड्यात कुकर घेऊन यायच्या. अबरार तो ठेवून घ्यायचा, हँडलला सुतळीने चिठ्ठी बांधायचा आणि जाताना कोपऱ्यात रांगेने लावून जायचा. 'फुलाबाई, पंचवटी भाजीबाजार. शिट्टी होत नाही.' 'रबर ढिलं. घाई आहे.' उलट नियाजच्या आठवड्यात कुणी फॉर्म भरायला आलं, तर तो कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा मागे सोडायचा. चिठ्ठ्यांचं अक्षर सुरुवातीला फार वाईट होतं, मुंग्या चालल्यासारखं. मग कधीतरी एकदम सुधारलं. नियाजला वाटलं, कॉम्प्युटरवर बसून माणसाचं अक्षरही सुधारत असेल.

त्या कुकरांत एक कुकर होता. दर वर्ष-दीड वर्षाने यायचा. चिठ्ठी ठरलेली: 'सुमनबाई, वणी.' तीन लिटरचा, जाड बुडाचा, जुन्या घडणीचा, आणि कुशीला एक पोचा. तो पोचा नियाजने स्वतः पाडला होता, नऊ वर्षांचा असताना, जिन्यावरून कुकर खाली सोडून. आईने त्याला बडवला होता आणि अबरार खिदळत होता. आई शेवटपर्यंत अबरारकडे राहिली, तिचा कुकरही तिथेच राहिला. वणीची सुमनबाई कुठून येणार? नियाजने कधी काही म्हटलं नाही. त्या कुकरात तो हातातला सगळ्यात चांगला वॉल्व्ह घालायचा, पोचा तसाच ठेवायचा आणि चिठ्ठीच्या मागे 'झालं' असं लिहून कुकर रांगेत लावून द्यायचा. एकदा त्याने स्वतःच्या पेन्शन योजनेचे कागदही डब्यात टाकले होते. कुकरवर नाव नसतं, कागदावर असतं, त्यामुळे त्याला सुमनबाई होता येईना. पुढच्या आठवड्यात फॉर्म भरून, पावती जोडून, डब्यात तयार.

अबरार मे महिन्यातल्या एका मंगळवारी वारला. आठवडा नियाजचा होता. एका मिक्सरचा कपलर बसवत असताना बायकोचा, नूरबानोचा, फोन आला. वडाळ्याच्या घरी सकाळी छातीत कळ आली, दवाखान्याच्या दारात सगळं संपलं. नियाज "बरं" म्हणाला. मग त्याने कपलर घट्ट केला, मिक्सर दोनदा चालवून पाहिला, बंद केला आणि मग उठला.

दुपारनंतर दफन झालं. नियाजने जनाजाला खांदा दिला, तीन मुठी माती टाकली. भावाचा चेहरा एवढ्या जवळून त्याने किती वर्षांनी पाहिला, त्याचा हिशेब लागत नव्हता. मिशी काळी केलेली दिसली. चष्म्याचे व्रण नाकावर होते. लोक येऊन गळ्यात पडत होते, आणि नियाज आत चाचपडून पाहत होता, कुठे काही दुखतंय का. काहीच नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं अंग झालं होतं. त्याला वाटलं, एकोणीस वर्षांत जे काही होतं ते वाळून गेलं असेल. त्याची त्याला थोडी लाजही वाटली.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, जियारत होती. लोक कुराण वाचून उठले, चहा झाला. उन्हं उतरली तशी नियाजने चपला घातल्या.

"कुठे?" नूरबानोने विचारलं.

"आलोच."

तिला वाटलं मशिदीत चालला. तो दुकानात गेला. अवजारांची पेटी, मिक्सरची भांडी, रबरांचा गठ्ठा, दुरुस्तीला आलेले सहा कुकर, सगळं स्कूटरवर दोन खेपांत घरी आणलं. त्या सहांत 'सुमनबाई, वणी'ही होता; त्याचं काम बुधवारी करायचं ठरवलं होतं, ते राहिलं. तिसऱ्या खेपेला त्याने दुकान झाडलं, शटर ओढलं, डावीकडचं कुलूप काढून खिशात टाकलं आणि पाटी फिरवली. अजान होत होती. मशिदीत नमाज पढून तो घरी गेला आणि जेवला.

रविवारी सकाळी फुलाबाई घरी आली. पंचवटीच्या बाजारात तिची भाजीची पाटी, नियाजचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. उंबऱ्यावर उभी राहूनच बोलायला लागली.

"नियाजभाऊ, दुकानाला कुलूप नाय तुमच्या. दोन दिस झाले बघते. काल म्या शटर वर केलं आन कुकर आत ठिवून दिला. म्हनलं अबरारभाऊ असतील इथं तिथं. आता अंडेवाल्यानं सांगितलं, ते तर..." ती थांबली. पदराने तिने तोंड पुसलं. "लय वाईट झालं हो. लय गुणाचा मानूस. माझ्या नातीचा फॉर्म त्यांनीच भरला व्हता."

नियाज तिच्याकडे बघत राहिला. दुकानाला कुलूप नाही, हे वाक्य त्याला कळायला वेळ लागला. कुलूप कसं असेल? आठवडा दुसऱ्याचा होता. त्याचं कुलूप त्याने लावायचं.

मग त्याला कळलं.

तो दुकानात गेला. शटर वर केलं. आत झाडलेल्या जमिनीवर चार कुकर आणि एक मिक्सर बसले होते. लोकांनी येऊन, शटर उचलून, आपापलं ठेवून दिलं होतं. बिस्किटांच्या डब्यावर कुणीतरी शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन फोटो ठेवले होते. फुलाबाईचा कुकर त्याने ओळखला. बाकीचे कुणाचे, त्यांना काय झालंय, काही पत्ता नाही. एकाही हँडलला चिठ्ठी नव्हती. एकोणीस वर्षांत या दुकानात चिठ्ठीशिवाय कुकर पाहायची त्याला सवय राहिली नव्हती, आणि आता या बाकीच्यांचं काय करायचं हे त्याला खरंच सुचेना.

कुलूप खिशातच होतं. त्याने ते काढलं, डाव्या कडीजवळ नेलं आणि पुन्हा खिशात घातलं. त्याचा आठवडा नव्हता. उजव्या कडीचं कुलूप अबरारच्या घरी. म्हणून त्याने शटर खाली ओढलं आणि बाहेर पायरीवर बसला. दुपारी अंडेवाल्याने पाणी दिलं. संध्याकाळी लोक घरी गेल्यावर उठला. रात्री त्याने अंडेवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि सोमवारी सकाळी पुन्हा येऊन बसला.

बोळात एकाचं दोन व्हायला वेळ लागत नाही. भाऊ गेला तरी थोरल्याने त्याचा आठवडा सोडला, वर राखण करत बसलाय, मन असावं तर असं, अशी चर्चा दूध बाजारापासून चौक मंडईपर्यंत गेली. येणारे-जाणारे पायरीपाशी थांबून मान हलवायचे. नियाजला ओशाळल्यासारखं व्हायचं. त्याने काही सोडलं नव्हतं. तो फक्त अडकून बसला होता.

सोमवारी दुपारी कौसर आली. अबरारची एकुलती एक मुलगी, वीस वर्षांची, कॉलेजात बीसीए करणारी. आई कोरोनात गेली, आता बापही. डोळे सुजलेले होते पण चाल सरळ होती. या पुतणीशी नियाज ईदला दोन शब्द बोलायचा. भांडण मोठ्यांचं, पोरीने काय घोडं मारलं होतं.

"सलाम, बडे अब्बा. कुलूप आणलंय," ती म्हणाली आणि शेजारी पायरीवर बसली. कुलूप तिच्या हातातच राहिलं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून नियाजने विचारलं, "कॉलेजात काय शिकवतात सध्या?"

"ऑपरेटिंग सिस्टिम." तिला थोडं हसू आलं. "त्यात आपलं दुकान आहे. खरंच. टाइम-शेअरिंग म्हणतात. पूर्वी मशीन एकच असायचं, मोठं, आणि वापरणारे पन्नास. मग मशीन काय करायचं, याला क्षणभर, त्याला क्षणभर. एवढं भरभर की प्रत्येकाला वाटायचं, मशीन माझ्या एकट्याचं आहे. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मशीन टिपून ठेवतं, पहिल्याचं काम कुठपर्यंत आलं होतं. पाळी परत आली की तिथूनच पुढे."

"चिठ्ठी बांधतं म्हण की."

"हो. चिठ्ठीच."

नियाज रस्त्याकडे बघत होता. "आणि त्यातलं एक कुणी मेलं तर?"

त्याने सहज विचारलं होतं. कौसरने कुलूप एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मग त्याची पाळी बाकीच्यांना जाते," ती हळू म्हणाली. "लगेच."

"मशीन थांबत नाही त्याच्यासाठी?"

"मशीन कशाला थांबेल, बडे अब्बा? रिकामा वेळ त्याला चालतच नाही."

मग ती बोलली, एका दमात. "मामूंनी मला सांगितलंय. शरियतप्रमाणे अब्बूंच्या हिश्शातला अर्धा माझा, अर्धा तुमचा. म्हणजे चार आठवड्यांतले तीन तुमचे, एक माझा. हक्क आहे तुमचा, मी काही भांडणार नाही. पण महिन्यातून एका आठवड्यात हे काम नाही चालणार. आता ॲडमिशनचे दिवस आहेत. लोक एक आठवडा थांबतात, तीन नाही थांबत. दुसरीकडे जातील, आणि गेले की गेले. मग मला कॉलेज सोडून कुठेतरी कामाला लागावं लागेल. एवढंच सांगायचं होतं."

नियाजने मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. कौसरने उजवीकडच्या कडीला कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि गेली.

मंगळवारी योगेश वकील घरी आले. नूरबानोनेच बोलावलं होतं. तिला लोभी म्हणायचं कारण नाही. नवऱ्याचे गुडघे तिला ठाऊक होते. दर पंधरा दिवसांनी ओझं घेऊन तीन खेपा, मग आठवडाभर तोच पसारा स्वयंपाकघरात. महिन्यातले तीन आठवडे दुकान आपलं झालं तर सामान तिथेच राहील, माणूस दोन वर्षं जास्त चालेल, एवढा तिचा विचार होता. वकील आता पोक्त झाले होते, केस विरळ झाले होते. त्यांनी कागद पुढे केला.

"हक्काचं काही कठीण नाही, नियाजभाई. फक्त एक घोटाळा झालाय. भावाच्या मागे तुम्ही स्वतःहून दुकान रिकामं केलंत, कुलूप काढलंत, आणि सगळी गल्ली म्हणते तुम्ही हक्क सोडलात. उद्या पोरीचा वकीलही तेच म्हणेल. म्हणून आधीच दोन ओळी लिहून ठेवू. वाचतो." त्यांनी चष्मा लावला. "'भावाच्या निधनाच्या दुःखाच्या भरात माझ्याकडून अनवधानाने दुकान रिकामे झाले व कुलूप लावायचे राहून गेले. ताबा सोडण्याचा माझा हेतू नव्हता.' बस. इथे सही."

नियाजने पेन घेतलं. कागद जवळ ओढला. मग पेन तसंच धरून म्हणाला, "ते 'दुःखाच्या भरात' काढा."

"का?"

"दुःख नव्हतं. मी बघितलं शोधून. अजून नाही."

नूरबानो दाराशी उभी होती, तिने नवऱ्याकडे पाहिलं. वकिलांनी खांदे उडवले. "बरं, काढतो. 'अनवधानाने' एवढंच ठेवू."

"तेही नाही. मला सगळं आठवतंय. आधी पेटी नेली, मग कुकर नेले. झाडलं. डावीकडचं कुलूप काढलं. पाटी फिरवली. विसरलो कुठे?"

"अहो, मग केलंत कशाला तसं?"

"गुरुवार होता, वकीलसाहेब."

"पण ज्याच्यासाठी रिकामं केलंत तो माणूसच नव्हता ना!"

"माणूस नव्हता," नियाज म्हणाला. "आठवडा होता."

वकिलांनी चष्मा काढला. "मग कसं करायचं?"

"जसं आहे तसंच. एक आठवडा माझा, एक तिचा. सहीच हवी असेल तर तसं लिहून आणा, करतो."

वकील चहा पिऊन गेले. नूरबानोने कपबशा उचलल्या, जरा आपटूनच. "आता हलवा आयुष्यभर सामान," ती म्हणाली. "आणि गुडघ्याला तेल लावायला मला सांगू नका." संध्याकाळी तिने स्वतःच तेलाची बाटली आणून त्याच्यापुढे ठेवली आणि शेजारी बसली. तिच्याकडून कौसरला निरोप गेला.

बुधवारी नियाजने घरीच बसून सुमनबाईचा कुकर काढला. रबर बदललं, वॉल्व्ह बदलला, शिट्टी साफ केली. गॅसवर पाणी उकळून पाहिलं. शिट्टी सणसणीत झाली. चिठ्ठीच्या मागे त्याने सवयीने 'झालं' लिहिलं. हे सगळं करताना त्याचे हात नेहमीसारखेच चालले. चिठ्ठी बांधून झाल्यावर त्याला प्रश्न पडला, हा आता रांगेत ठेवायचा कुणासाठी? त्याने तो पिशवीत घातला.

गुरुवारी अजानच्या जरा आधी तो अवजारांची पेटी आणि ती पिशवी घेऊन बोळात पोचला. कोपऱ्यावर उभं राहायची सवय, तिथेच थांबला. कौसरने दुकान झाडलं होतं. मंगळवारी निरोप मिळाल्यावर दोन दिवस तिने दुकान उघडलं होतं. कॉम्प्युटर आता स्कूटीच्या पायाशी चादरीत गुंडाळून ठेवलेला होता. तिने उजवीकडचं कुलूप काढलं, टाचा उंचावून पाटी फिरवली आणि वळून हाक मारली, "या ना, बडे अब्बा. तिथे काय उभे आहात?"

एकोणीस वर्षांत त्या कोपऱ्यावरून त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आला.

आत चार कुकर आणि मिक्सर रांगेने लावलेले होते. प्रत्येक हँडलला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. 'फुलाबाई, पंचवटी. झाकण अडकतं.' 'तेजस्विनी, काझीपुरा. वाफ जाते.' बिनचिठ्ठीच्या कुकरांच्या मालकिणी कौसरने विचारून विचारून शोधल्या होत्या. नियाज वाकून वाचू लागला आणि वाचता वाचता थांबला. अक्षर तेच होतं. नेहमीचं, सुधारलेलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"नाही, आधीच्या. त्याच्या."

"त्याही मीच लिहायचे. आठवीत असल्यापासून. अब्बूंचं मराठी अक्षर बघितलंत ना तुम्ही? एकदा म्हणे तुम्ही रबराच्या जागी हँडल बदललं होतं, वाचताच आलं नव्हतं तुम्हाला. तेव्हापासून ते सांगायचे, मी लिहायचे. दुकान बंद केल्यावर घरी बसून."

नियाजने पिशवीतून कुकर काढला आणि तिच्यापुढे ठेवला. कौसरने तो पाहिला, आणि तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला.

"ही चिठ्ठीपण तूच?"

"हो. अब्बू म्हणायचे, सुमनबाई लिही, आणि गाव लांबचं लिही, म्हणजे कुणी विचारत येणार नाही. मीच वणी लिहिलं. आमची सहल गेली होती तिथल्या गडावर." ती कुशीच्या पोच्यावरून बोट फिरवत होती. "मी एकदा विचारलं होतं त्यांना. म्हटलं अब्बू, बडे अब्बांना कळत नसेल का, हा आपला कुकर आहे ते?"

"मग?"

"मग हसले. म्हणाले, पोचा त्यानेच पाडलाय, त्याला नाही कळणार? कळतं त्याला. म्हणून तर वॉल्व्ह चांगला घालतो."

अजान सुरू झाली. नियाज कुकरांच्या रांगेशेजारी खाली बसला, गुडघे दुखतात म्हणून नेहमी स्टुलावर बसणारा माणूस सरळ जमिनीवर. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण तो कुकर ओळखतो ही गोष्ट आपल्या एकट्याला माहीत आहे. ती दोघांना माहीत होती. आणि आता त्यातला एकच उरला होता. आपला भाऊ मेला, हे नियाजला त्या क्षणी कळलं, दफनानंतर नवव्या दिवशी. तो तोंड दाबून रडला. आवाज दाबायचा त्याने फार प्रयत्न केला, पण अंडेवाल्यापर्यंत तो गेलाच.

कौसर उभीच होती. मग ती शेजारी बसली आणि अजान संपल्यावरही तशीच बसून राहिली. शेवटी नियाजने कुकरच्या हँडलची सुतळी सोडली, चिठ्ठी घडी करून वरच्या खिशात ठेवली.

"घरी ने हा. चिठ्ठीची गरज नाही आता. बिघडला की सरळ माझ्याकडे आण, माझा आठवडा असो नसो."

तिने मान हलवली. कुकर स्कूटीच्या हँडलला अडकवून ती गेली. नियाजने दिवा लावला, अवजारांची पेटी उघडली, पण हात चालेनात. तेवढ्यात दारात एक बाई आली, बाहेरगावची दिसत होती, नांदगावच्या बाजूची असावी. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. तिने पाटी वाचली, आत पाहिलं, गोंधळली.

"फॉर्म भरायचा होता. ते कॉम्प्युटरवाले नाहीत का? अबरारभाऊ?"

नियाजने डोळे पुसले.

"अबरार," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "अबरार वारला, ताई. माझा भाऊ होता." त्याने बिस्किटांचा डबा पुढे ओढला आणि झाकण काढलं. "कागद इथे ठेवून जा. पुढच्या गुरुवारी त्याची मुलगी बसेल."